रिपोर्ट नॉर्मल, मग पोरगं असं का?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)



मी बालरोगतज्ज्ञ आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तीसहून अधिक वर्षे लहान मुले तपासत आलो. जुलाब, गोवर, न्यूमोनिया यांतच बहुतेक काळ गेला. आज मात्र मला ताप नसलेल्या, वजन बरोबर असलेल्या, अंगाने धडधाकट अशा मुलांविषयी बोलायचे आहे. या मुलांना आपण दवाखान्यात कमी आणतो, आणि घरात व शाळेत मारतो जास्त.

काही वर्षांपूर्वी एक आई आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. आत आल्यापासून पोरगा वजनकाट्यावर दोनदा चढला, पडद्यामागे डोकावला, माझ्या टेबलावरची टॉर्च चालू-बंद करून पाहिली, आणि आईने 'बस की रे' म्हटल्यावर अर्धा मिनिट बसला. शाळेची तक्रार होती की वर्गात बसत नाही, लिहिता लिहिता मध्येच उठतो, सांगितलेले निम्मे ऐकतो. आईने एमआरआयच्या फिल्मची मोठी पिशवी माझ्यापुढे ठेवली. कुणीतरी सुचवले म्हणून मिरजेला जाऊन मेंदूचा फोटो काढून आणला होता. भिशीचे पैसे उचलून.

मी रिपोर्ट वाचला आणि म्हणालो, "ताई, रिपोर्ट नॉर्मल आहे. मेंदूत गाठ नाही, पाणी नाही, काही नाही."

तिचा चेहरा खुलेल असे मला वाटले होते. ती रडू लागली. म्हणाली, "म्हणजे हा मुद्दामच करतो, असंच झालं की डॉक्टर. सासूबाई म्हणतात तेच खरं. आईनं लाडावून ठेवलंय."

रिपोर्ट चांगला आला म्हणून रडणारी आई मी पहिल्यांदाच पाहत होतो. आणि तिला काय सांगावे ते मला चटकन सुचेना. कारण खरे पाहता दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. त्याचा रिपोर्ट नॉर्मल होता. आणि तो मुद्दाम करत नव्हता. हे दोन्ही कसे खरे असू शकते, ते आज सांगण्याचा प्रयत्न करतो.

या मुलाला जे होते त्याला एडीएचडी म्हणतात. मराठीत अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता. लक्ष टिकत नाही, हातपाय स्वस्थ राहत नाहीत, मनात आले की केले, थांबता येत नाही. थोड्या प्रमाणात हे प्रत्येक मुलात असते. पण वयाच्या मानाने फारच जास्त असेल, घरी आणि शाळेत दोन्हीकडे असेल, किमान सहा महिने टिकले असेल, बारा वर्षांच्या आतच सुरू झाले असेल आणि त्यामुळे मुलाचे नुकसान होत असेल, तरच निदान केले जाते. जगभरातल्या पाहण्या धरल्या तर शंभरात साधारण पाच मुले अशी असतात. चाळीसच्या वर्गात दोन. म्हणजे प्रत्येक शिक्षकाने ही मुले पाहिली आहेत. नाव ठाऊक नव्हते, एवढेच.

हा काही टीव्ही-मोबाइलने आणलेला नवा आजार नव्हे. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले आहे. बुद्धी ठीक, पण स्वतःवर ताबा नाही. स्टिल यांनी त्याला नैतिक नियंत्रणातला दोष म्हटले. शब्द कठोर आहे, पण मुळाशी शरीरातले कारण असावे असा त्यांचा कयास होता. पुढे डॉक्टरांनी याला 'मेंदूची किरकोळ इजा' म्हटले. इजा सापडेना, तेव्हा 'मेंदूच्या कार्यातला किरकोळ बिघाड' असे म्हणू लागले. इजा होती की नव्हती, हे जिवंत मुलाच्या मेंदूत पाहायची सोयच नव्हती.

एक मार्ग होता, पण भयंकर. मणक्यातून पाणी काढायचे, तिथे हवा भरायची आणि डोक्याचा एक्स-रे काढायचा. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात मुलांचे एक इस्पितळ होते. तिथे चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर ही तपासणी करत. तपासणीनंतर मुलांचे डोके भयंकर दुखे. त्यावर उतारा म्हणून त्यांनी बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखी फारशी थांबली नाही, पण इस्पितळातल्या शाळेचे शिक्षक चकित झाले. वर्गात न टिकणारी मुले शांतपणे गणिते सोडवू लागली होती. ब्रॅडलींनी १९३७ साली ३० मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतल्या १४ जणांच्या अभ्यासात ठळक फरक पडला होता. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत व्हावे, हे कोडेच होते. आज त्याचे उत्तर बऱ्याच अंशी माहीत आहे. मेंदूत डोपामिन नावाचे रसायन असते. कामात गोडी वाटणे, फळासाठी थांबता येणे, मनाला आवर घालणे या गोष्टींत त्याचा मोठा वाटा असतो. ही औषधे त्याचे काम वाढवतात. म्हणजे औषध मुलाला गुंगी आणत नाही, ढिला पडलेला ब्रेक थोडा घट्ट करते.

मेंदूची रचना खऱ्या अर्थाने मोजता येऊ लागली ती एमआरआय आल्यावर. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. त्यामुळे निरोगी मुलांचेही फोटो काढता आले आणि तुलना शक्य झाली. २००२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने एडीएचडी असलेल्या १५२ आणि नसलेल्या १३९ मुलांचे मेंदू मोजून प्रसिद्ध केले. एडीएचडीच्या गटाचा मेंदू सरासरीने सुमारे ३ टक्के लहान निघाला. तोवर अशी शंका घेतली जात होती की हा फरक औषधांनीच पडला असेल. पण ज्या मुलांनी औषधाची एकही गोळी घेतली नव्हती, त्यांच्यातही तो होता. शंका फिटली.

मग २०१७ साली अनेक देशांतल्या २३ केंद्रांनी आपली मापे एकत्र केली. एडीएचडी असलेले १,७१३ आणि नसलेले १,५२९ लोक. मेंदूच्या खोल भागात काही छोट्या गाठोड्यांसारख्या रचना असतात. हालचालींना आवर घालणे, भावना, बक्षिसाची ओढ, आठवण यांच्याशी त्यांचा संबंध असतो. त्यांतल्या पाच रचना एडीएचडीच्या गटात थोड्या लहान आढळल्या. फरक मुलांमध्ये स्पष्ट होता. प्रौढांमध्ये तो जवळपास दिसेनासा झाला होता.

आता 'थोड्या लहान' म्हणजे किती? इथेच त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर आहे. समजा, शेजारशेजारच्या दोन गावांतल्या सगळ्या पुरुषांची उंची मोजली. एका गावाची सरासरी दुसऱ्यापेक्षा अर्धा इंच कमी भरली. हजारो माणसे मोजली तर हा फरक खरा आहे असे छातीठोकपणे सांगता येते. पण उद्या बाजारात एक माणूस तुमच्यापुढे उभा केला आणि विचारले, 'उंचीवरून सांगा, हा कुठल्या गावचा?' तर सांगता येईल का? नाही. दोन्ही गावांत उंच माणसे आहेत, दोन्हीकडे बुटकी आहेत. २०१७च्या अभ्यासातला सर्वांत मोठा फरकसुद्धा या अर्ध्या इंचाच्याच तोडीचा होता.

रेडिओलॉजिस्ट फिल्म पाहतो तेव्हा गाठ, रक्तस्राव, व्रण, साचलेले पाणी शोधत असतो. हे अर्ध्या इंचाचे फरक त्या फिल्मवर डोळ्यांना दिसत नाहीत, आणि मोजले तरी एकट्या मुलाबद्दल काही सांगत नाहीत. म्हणून आजही जगात कुठेही एडीएचडीचे निदान मेंदूच्या फोटोवरून होत नाही. ते होते आईवडिलांशी आणि शिक्षकांशी बोलून, मुलाला पाहून. झटके येत असतील, वाढ मागे जात असेल, डोक्याला मार लागला असेल, तर एमआरआय लागतो. नुसत्या चंचलपणासाठी भिशी उचलू नका. आणि बोटांचे ठसे घेऊन मुलाच्या मेंदूचा नकाशा सांगणारे, त्यावरून करिअर ठरवून देणारे जे लोक शाळाशाळांतून फिरतात, त्यांच्या मागे तर अजिबात लागू नका. त्याला शास्त्राचा आधार नाही.

आता दुसरा अभ्यास सांगतो. माझ्या मते तो प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असावा. मेंदूचा पृष्ठभाग म्हणजे साल. ही साल बालपणी जाड होत जाते, एका वयात तिची जाडी शिगेला पोचते आणि मग ती हळूहळू पातळ होते. हा वाढीचाच भाग आहे. २००७ साली अमेरिकेच्या त्याच संस्थेने एडीएचडी असलेल्या आणि नसलेल्या प्रत्येकी २२३ मुलांची साल वाढत्या वयात पुन्हा पुन्हा मोजली. इतर मुलांमध्ये सालीच्या निम्म्या भागाने ही शिगेची जाडी साडेसात वर्षांच्या सुमारास गाठली. एडीएचडीच्या मुलांमध्ये साडेदहाच्या सुमारास. म्हणजे वाढीचा क्रम तोच, पण सुमारे तीन वर्षे उशिरा. उशीर सर्वांत जास्त होता तो कपाळामागच्या भागात, जिथे लक्ष देणे, बेत आखणे, मनाला थांबवणे ही कामे चालतात. आणि एकच भाग असा होता की जो थोडा आधीच तयार झाला होता. हातापायांच्या हालचाली चालवणारा.

माझा दाखला ढोबळ आहे, पण चित्र डोळ्यांपुढे आणा. गाडीचे इंजिन आधी बसवले आणि ब्रेक मागाहून येणार आहेत. गाडी भिंतीवर आदळली की आपण गाडीला बडवतो.

यावरून कुणी असे समजू नये की तीन वर्षे थांबले की सगळे आपोआप ठीक होईल. काहींचे होते. अनेकांची चंचलता कमी होते, पण विसराळूपणा, कामे अर्धवट राहणे हे मोठेपणीही टिकते. मी सांगतो ते एवढेच, की आठ वर्षांच्या मुलाकडून आपण आठ वर्षांचा संयम मागतो, तेव्हा ज्याच्या बळावर तो संयम यायचा ते अजून घडत असते.

एडीएचडीबरोबर आणखी दोन नावे आपण ऐकतो. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. आणि डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचायला न येणे. स्वमग्नतेत कथा जवळजवळ उलटी आहे. ज्यांच्या थोरल्या भावंडाला स्वमग्नता आहे अशा तान्ह्या बाळांचे एमआरआय अमेरिकेत झोपेत काढले गेले. २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले. पुढे ज्यांना स्वमग्नता निघाली त्या बाळांच्या मेंदूचा पृष्ठभाग सहा महिने ते एक वर्ष या काळात नेहमीपेक्षा वेगाने पसरला होता, आणि दुसऱ्या वर्षी मेंदूचा आकारही जास्त वाढला होता. तोवर बाळाच्या वागण्यात ठळक असे काही दिसलेले नसते. म्हणून 'आई नोकरीला गेली म्हणून झाले', 'लसीमुळे झाले' या बोलण्यात तथ्य नाही. डिस्लेक्सियात डाव्या मेंदूतले, अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालणारे भाग वाचताना कमी जागे होतात. पण ८ ते १२ वर्षांच्या २० मुलांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात काही आठवड्यांच्या खास सरावानंतर त्यांचे वाचनही सुधारले आणि तेच भाग अधिक जागे झालेले दिसले. हा अभ्यास २००३ सालचा आहे. मेंदू वेगळा असणे म्हणजे कपाळावर लिहिलेले नशीब नव्हे, हे त्यातून समजते.

मग तीन नावांचे तीन वेगळे मेंदू असतात का? असे वाटते खरे, पण तसे नाही. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी २०२० साली ४७९ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतली ३३७ मुले लक्ष, भाषा, स्मरण किंवा शिकण्यातल्या अडचणींसाठी पाठवलेली होती. कुणाला एडीएचडीचे नाव होते, कुणाला स्वमग्नतेचे, कुणाला डिस्लेक्सियाचे, कुणाला कसलेच नाही. शास्त्रज्ञांनी संगणकाला ही नावे न सांगता मेंदू तपासायला लावले. अमुक नावासाठी मेंदूतली अमुक जागा, असे काही निघाले नाही. एकच अडचण वेगवेगळ्या मेंदूंत वेगवेगळ्या वाटेने आलेली होती. फरक दिसला तो जोडणीत.

ही जोडणी समजायला आपल्या मिरज जंक्शनचे उदाहरण घ्या. पुण्याची, कोल्हापूरची, पंढरपूरची, बेळगावची गाडी तिथून जाते. एखाद्या आडस्टेशनवर बिघाड झाला तर तेवढा मार्ग अडतो. मिरजेचे नियंत्रण ढिले पडले तर सगळीकडच्या गाड्या उशिरा धावतात. मेंदूतही अशी जंक्शने आहेत. ज्या मुलांची जंक्शने चांगली जोडलेली होती, त्यांना अडचणच नव्हती किंवा ती एखाद्याच विषयापुरती होती. ज्यांची जोडणी ढिली होती, त्यांच्या अडचणी जास्त आणि चहूबाजूंनी होत्या. म्हणूनच एका मुलात लक्षाची, वाचनाची आणि चारचौघांत मिसळण्याची अडचण एकत्र सापडते. एडीएचडी आणि स्वमग्नता ही दोन निदाने एकाच मुलाला देऊ नयेत असा अमेरिकन निदान-पुस्तिकेचा नियम होता. तो २०१३ साली काढून टाकावा लागला. मुले नियमाप्रमाणे वागत नव्हती!

नाव उपयोगी असते. आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांची नावे आहेत, म्हणून त्या मुलांना सवलती मागता येतात. एडीएचडीचे स्वतंत्र नाव त्या यादीत नाही, म्हणून पालकांची अडचण होते. तेव्हा नाव घ्या, पण नावापाशी थांबू नका. याला नेमके काय जमत नाही आणि काय जमते, हे प्रत्येक मुलागणिक पाहावे लागते.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. नव्वदच्या दशकात एक शिक्षक आपल्या मुलाला घेऊन आले होते. लक्षणे हीच. मी औषधाची बाटली दिली, टॉनिकची, आणि म्हणालो, "गुरुजी, जरा धाक दाखवा. दोन दिवसांत सरळ येईल." त्यांनी माझा सल्ला मनापासून पाळला. मुलगा नववीत शाळा सोडून गेला. आता तो टेम्पो चालवतो. रस्त्यात दिसला की हसून हात करतो. टेम्पो चालवण्यात कमीपणा नाही. पण ते त्याने निवडले नव्हते, आम्ही दोघांनी त्याच्यापुढे तेवढेच शिल्लक ठेवले होते. तो हात करतो तेव्हा मला वर पाहवत नाही.

करायचे काय, तर आधी कान, डोळे, झोप आणि रक्त तपासून घ्या. ऐकू कमी येणारे किंवा रात्री नीट न झोपणारे मूलही चंचल दिसते. मग बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडून नीट निदान करून घ्या. सहा वर्षांच्या आत आधी पालकांनाच शिकवायचे असते. सूचना एका वेळी एकच द्यावी. ती मुलाच्या जवळ जाऊन, डोळ्यांत पाहून द्यावी. चांगले केल्यावर शाबासकी लगेच द्यावी, शनिवारपर्यंत राखून ठेवू नये. वर्गात पहिल्या बाकावर बसवावे, दहा गणितांऐवजी दोन वेळा पाच द्यावीत, मध्ये फळा पुसायला उठवावे. उठणारच आहे, तर कामासाठी उठू दे. मोठ्या मुलांत गरज असेल तर तज्ज्ञांच्या सल्ल्याने औषध जरूर द्यावे. भूक आणि झोप कमी होऊ शकते, म्हणून वजन, उंची, रक्तदाब यांवर लक्ष ठेवावे लागते. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ते सुरूही करू नये आणि बंदही करू नये.

आता त्या आईकडे येतो. मी तिला दोन गावांच्या उंचीची गोष्ट सांगितली आणि म्हणालो, "पुढच्या वेळी सासूबाईंना घेऊन या." त्या आल्या. त्यांना इंजिन आणि ब्रेकचे सांगितले. हे पुष्कळदा घराण्यातून येते, जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून त्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे तीन चतुर्थांश दिसतो, हेही सांगितले. आजी बराच वेळ नातवाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्याचा आजा पण असाच होता. एका जागी बसून कधी जेवला नाही. माणूस वाईट नव्हता."

सून मान खाली घालून बसली होती. तिने प्रथमच सासूकडे पाहिले. त्या दिवशी मी औषध काहीच लिहून दिले नव्हते, पण उपचार सुरू झाला होता.

मुलगा पुढे दहावी झाला. पहिला नंबर वगैरे नाही, पण झाला. ती एमआरआयची पिशवी आईने टाकली नाही. मोठी आणि मजबूत म्हणून त्यात ती त्याच्या वह्या आणि बाईंनी रोज सही करून दिलेली कार्डे ठेवायची. तपासणीला येताना तीच पिशवी घेऊन यायची. फिल्ममधून मला जे कळले नव्हते, ते त्या कार्डांवरून कळायचे.

तुमच्या घरात, वर्गात, शेजारी असे एखादे मूल असेल. हात उगारण्याआधी एवढे आठवा, की जे फोटोत दिसत नाही ते नसतेच असे नाही.